नळांतील गॅस व तेल आगीच्या वेळीं आपोआप बंद करणाऱ्या झडपा

चैत्र-वैशाखांत राब भाजतांना शहापूर-मुरबाडकडील शेतकरी प्रथम काय करतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. राबाभोंवतालचें वाळलें गवत तो काढून टाकतो, वाऱ्याची दिशा पाहतो, आणि मगच काडी ओढतो. आगीस पुढें खाद्य मिळूं नये म्हणून तिच्या वाटेंतील खाद्य आधींच तोडून ठेवावयाचें, हें तत्त्व त्यास कोणीं पुस्तकांतून शिकविलेलें नाहीं. प्रस्तुत लेखांत ज्या झडपांचा विचार करावयाचा आहे त्यांचें तत्त्व याहून निराळें नाहीं. फरक इतकाच कीं, नळांतून येणारें खाद्य विळ्यानें तोडतां येत नाहीं, आणि तें तोडण्याच्या क्षणीं तेथें माणूस हजर असेलच असा भरंवसा नसतो.

आटगांवसारख्या गांवीं, जेथें एका बाजूस कसाऱ्याकडे जाणारा लोहमार्ग व दुसऱ्या बाजूस मुंबई-नाशिक हमरस्ता आहे, तेथें शेतकऱ्याच्या घरीं जळाऊ पदार्थ नळीवांटे येणें आतां नवलाचें राहिलेलें नाहीं. स्वयंपाकघरांत गॅसचें सिलिंडर आहे. कोणाच्या गोठ्यामागें गोबरगॅसची विहीर आहे. विहिरीवर किंवा ओढ्याकांठीं डिझेलचें इंजिन आहे. या तिन्ही ठिकाणीं नळी निराळी, आंतील पदार्थ निराळा आणि दाबही निराळा असतो. यास्तव "एकच झडप सगळीकडे चालते" असें जो विक्रेता सांगेल त्याच्याकडून कांहींएक न घेतां परत फिरावें, असा आमचा सल्ला आहे.

या उपकरणांचें हृदय म्हणजे सहज वितळणारा धातु. कथील वितळण्यास २३२ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते, बिस्मथास २७१, कॅडमियमास ३२१ आणि शिशास ३२७. परंतु बिस्मथाचे पन्नास भाग, शिशाचे पंचवीस, आणि कथील व कॅडमियम यांचे प्रत्येकीं साडेबारा भाग एकत्र आटविले असतां जें मिश्रण होतें तें अवघ्या ७० अंशांच्या सुमारास वितळतें. घटकांपैकीं एकही धातु २३० अंशांखालीं हालत नाहीं, आणि त्यांचें मिश्रण मात्र उकळत्या पाण्याच्याही आधीं पाणी होतें, ही मोठी चमत्कारिक गोष्ट आहे. सन १८६० मध्यें बार्नाबस वुड नांवाच्या अमेरिकन दंतवैद्यानें हें मिश्रण सिद्ध केलें, म्हणून त्यास वुडचा धातु म्हणतात. त्याचा चमचा करून कढत चहांत घातला तर चमचा पेल्याच्या तळाशीं गोळा होऊन बसतो. ही गंमत कोणी करून पाहूं नये, कारण शिसें व कॅडमियम हीं दोन्ही विषारी आहेत. कॅडमियम वगळून केलेलें असेंच दुसरें मिश्रण ९५ अंशांच्या आसपास वितळतें. ज्या खोलींत मुळांतच उष्णता अधिक असते तेथें तें अधिक सोईचें.

आतां झडपेची रचना पाहूं. नळाच्या आंत एक बूच असतें व त्यामागें दाबलेली पोलादी स्प्रिंग असते. बूच पुढें सरकून नळ बंद करावयास स्प्रिंग सदैव उत्सुक असते, परंतु वितळत्या धातूचा टांका तिला धरून ठेवतो. आग लागून झडपेच्या अंगास पुरेशी उष्णता पोहोंचली कीं टांका सुटतो, स्प्रिंग मोकळी होते आणि बूच आपल्या जागीं घट्ट बसतें. दुसऱ्या एका प्रकारांत नळावर वजनदार दांडा असतो. तो एका तारेनें वर उचलून धरलेला असतो, आणि तारेच्या मध्यें, शेगडीच्या किंवा बॉयलरच्या माथ्यावर, वितळती कडी जोडलेली असते. कडी तुटली कीं तार ढिली पडते व दांडा खालीं येऊन नळ मिटतो. इंग्लंडांत घरें ऊन ठेवण्याच्या तेलाच्या बॉयलरांस ही योजना पुष्कळ वर्षें लावीत आले आहेत. दोहोंतही वीज लागत नाहीं. आगींत बहुधा पहिल्यानें वीजच जाते, तेव्हां हा गुण लहान नव्हे.

जर्मनींत घरगुती गॅस-उपकरणांपुढें अशी झडप असणें नियमानें आवश्यक आहे. बाहेरील उष्णता १०० अंशांच्या वर गेली कीं गॅस आपोआप बंद व्हावा, आणि ६५० अंशांच्या उष्णतेंतही निदान अर्धा तास तो जवळजवळ पूर्णपणें अडून राहावा, अशी तेथें अट आहे. या दुसऱ्या अटीकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधतों. झडप मिटली आणि पांच मिनिटांनीं तिचें रबर जळून पुनः गळूं लागली, तर ती न लावल्यासारखीच.

आपल्या स्वयंपाकघरांत हिचा उपयोग कोठें, हें समजण्यास प्रत्यक्ष आग कशी वाढते तें पाहावें. कढईंतील तेल पेटतें, किंवा लांकडी मांडणी पेट घेते. घरांतील माणसें बाहेर पळतात, आणि तें योग्यच आहे. मागें रेग्युलेटर उघडाच राहतो. थोड्याच वेळांत रबरी नळी जळून तुटते, आणि १४.२ किलो गॅसचा सांठा तुटक्या नळीवाटे आगींत येत राहतो. येथें रेग्युलेटर व नळी यांच्या मध्यें उष्णतेनें मिटणारी झडप असती तर नळी जळण्याच्या आधीं किंवा त्याच सुमारास गॅस तुटला असता. मात्र ती नळीच्या कोणत्या टोंकास आहे हें महत्त्वाचें आहे. शेगडीच्या टोंकास लावलेली झडप नळी जळाल्यावर निरुपयोगी ठरते, कारण गॅस तिच्या अलीकडेच सुटतो. झडप नेहमीं सांठ्याच्या बाजूस हवी.

पण हिच्यावर नसता भार टाकूं नये. खुद्द सिलिंडरासच ज्वाळा लागल्या तर आंतील दाब वाढतो, आणि त्यावर नळांतील झडपेचा कांहीं इलाज नाहीं. तसेंच नुसती गळती झाली व आग लागलीच नाहीं, तर झडपेस उष्णता मिळत नाहीं आणि ती स्वस्थ बसते. सिलिंडरांतील गॅस हवेपेक्षां दीडपट ते दुप्पट जड असतो. तो जमिनीलगत, कणगीच्या मागें किंवा उंबऱ्याच्या आंत सांचतो, आणि हवेंत सुमारें दोन टक्के मिसळला तरी पेटतो. त्याच्यासाठीं नाक, उघडी दारें, आणि १९०६ हा गळती कळविण्याचा दूरध्वनि क्रमांक, हींच साधनें होत. वास येत असतां विजेचें बटण दाबूं नये, चालू असलेलें बंदही करूं नये, व दूरध्वनि घराबाहेर जाऊन करावा.

बाजारांत याखेरीज दोन निराळ्या झडपा मिळतात, व त्यांचा आणि हिचा घोंटाळा होतो. पहिली प्रवाह एकाएकीं वाढला कीं मिटते, म्हणजे नळी समूळ तुटली तर कामास येते. लहानशा चिरेंतून गॅस झिरपत असला तर तिला तें कळतच नाहीं. दुसरी शेगडीच्या बर्नराशीं असते. ज्योतीनें तापणारी एक बारीक काडी, जिला थर्मोकपल म्हणतात, ती गार झाली कीं बर्नराचा गॅस बंद होतो. दूध उतूं जाऊन ज्योत विझली तर ही झडप घर वांचविते. आपल्याकडील पुष्कळ शेगड्यांस ती नसते, आणि नवी शेगडी घेतांना ती मागून घ्यावी असें आमचें मत आहे.

गोबरगॅसची गोष्ट वेगळी. हा प्रकार आपल्याकडे अगदींच नवा नाहीं. मुंबईस माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमांत सन १८९७ मध्येंच मैल्यापासून गॅस काढण्याची योजना झाली होती. या गॅसांत निम्म्याहून अधिक मिथेन असतो. तो हवेहून हलका असल्यामुळें गळला तर वर जातो, ही त्यांतल्या त्यांत बरी गोष्ट. तरंगत्या टोपीच्या विहिरींत दाब फार थोडा, पाण्याच्या सुमारें दहा सेंटिमीटर उंचीइतका असतो. म्हणून प्रवाह वाढल्यावर मिटणारी झडप येथें बहुधा काम देत नाहीं. उष्णतेनें मिटणारी काम देते, कारण ती गॅसच्या दाबावर नव्हे, स्प्रिंगेवर चालते. परंतु गोबरगॅसांत थोडासा हायड्रोजन सल्फाइड असतो, आणि तो तांब्यापितळेस खातो. आंत स्प्रिंग अडकून बसली तर टांका वितळूनही बूच सरकावयाचें नाहीं. याकरितां गॅस लोहकिसाच्या गाळणींतून घ्यावा, व झडप कोणत्या धातूची आहे तें विचारल्यावांचून बसवूं नये.

गोबरगॅसाचें खरें भय आणखी एक आहे. विहिरींत गॅस संपत आला आणि नळींत हवा शिरली, तर ज्योत नळींतून उलट विहिरीकडे धांवूं शकते. शेंकडा पांच ते पंधरा मिथेन हवेंत मिसळलेला असला तर तो स्फोटानें पेटतो. यावर उपाय सन १८१५ मध्यें हंफ्री डेव्ही यानें कोळशाच्या खाणींतील दिव्यासाठीं योजिला, तोच. नळींत बारीक तारेच्या जाळीची गुंडाळी बसवितात; जाळी ज्योतीची उष्णता शोषून घेते व ज्योत पलीकडे जाऊं शकत नाहीं. या जाळीची किंमत फार नसते, पण ती मळानें बुजते. वर्षांतून दोनदां ती काढून धुवावी. गोबरगॅसवाल्यानें स्वयंचलित झडपेच्या आधीं या जाळीवर खर्च करावा, असें आम्ही निःसंशय सांगतों.

इंजिनाच्या खोपटांत तेलाची टांकी इंजिनाहून उंच टांगलेली असते, आणि तेल आपल्या वजनानें खालीं येतें. प्लास्टिकची नळी वितळली कीं सगळी टांकी आगींत रिकामी होते. वर पेंढ्याचें छप्पर असेल तर पुढचें सांगणें नकोच. येथें टांकीच्या तोंडाशींच धातूच्या नळावर ज्याची मूठ वितळत्या धातूनें डकविली आहे असा कॉक बसवावा. सुमारें ७४ अंशांस मूठ सुटते व स्प्रिंग कॉक मिटवते. मात्र तो धुराच्या नळापासून लांब असावा, नाहींतर ऐन लागवडींत इंजिन उगाच बंद पडेल आणि मग गडी तो कॉक कायमचा तारेनें बांधून टाकील. बांधलेला कॉक हा नसलेल्या कॉकापेक्षां वाईट, कारण त्याच्यावर आपण विसंबतों. हमरस्त्यावरील पेट्रोलपंपांतही, जेथें तेल टांकींतील पंपानें दाबाखालीं वर ढकललें जातें, यंत्राच्या पायाशीं अशीच झडप असते. मोटार येऊन धडकली तरीही ती मिटते.

आतां शेताखालून जाणाऱ्या मोठ्या वाहिन्यांविषयीं. तानशाचें पाणी सन १८९२ पासून नळांतून मुंबईस जात आहे, तेव्हां शहरासाठीं आपल्या भागांतून नळ जाणें आपल्यास अपरिचित नाहीं. परंतु पाण्याचा नळ फुटला तर पीक वाहून जातें, गॅसचा किंवा तेलाचा फुटला तर गांव जातें. मुंबईहून मनमाडकडे पेट्रोल व डिझेल नेणारी वाहिनी ठाणे जिल्ह्यांतूनच जाते. अशा वाहिन्यांसाठीं जमीन विकत घेत नाहींत. सन १९६२ च्या कायद्यान्वयें केवळ वापराचा हक्क घेतात. मालकी शेतकऱ्याचीच राहते, पीक घेतां येतें, परंतु त्या पट्ट्यांत घर बांधणें, विहीर किंवा तळें खणणें व झाड लावणें यांस मनाई आहे. नुकसानीच्या भरपाईखेरीज जमिनीच्या बाजारभावाच्या शेंकडा दहा रक्कम मिळते. ती पुरेशी आहे असें आम्हांस वाटत नाहीं, कारण त्या पट्ट्यावर पुढील पिढ्यांस विहीर घेतां येत नाहीं.

या वाहिन्यांवर ठराविक अंतरावर झडपा असतात. आपल्याकडील नियमाप्रमाणें गॅसवाहिनीवर विरळ वस्तींत दोन झडपांमधील अंतर ३२ किलोमीटरपर्यंत, आणि अति दाट वस्तींत ८ किलोमीटरपर्यंत असूं शकतें. शेतकऱ्याची वस्ती विरळ, म्हणून त्याच्या वांट्यास लांबचें अंतर येतें. १८ इंची नळाच्या ३२ किलोमीटर लांबींत पोकळीच सुमारें पांच हजार घनमीटर भरते. आंत दाब हवेच्या पन्नासपट असेल तर झडपा मिटल्यानंतरही सुमारें अडीच लक्ष घनमीटर गॅस जळावयाचा बाकी राहतो.

झडप आपोआप मिटणारी असणें व हातानें फिरवावयाची असणें, यांतील अंतर अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील सॅन ब्रूनो येथें दिसून आलें. ९ सप्टेंबर २०१० रोजीं सायंकाळीं तेथील ३० इंची गॅसवाहिनी फुटली. झडपा हाताच्या असल्यामुळें गॅस बंद करण्यास ९५ मिनिटें लागलीं. आठ माणसें मेलीं व ३८ घरें नष्ट झालीं. चौकशी करणाऱ्या मंडळानें स्वयंचलित किंवा दुरून चालविण्याजोग्या झडपांची शिफारस केली, आणि सन २०२२ मध्यें त्या देशांत नव्या मोठ्या वाहिन्यांसाठीं फूट निश्चित झाल्यावर अर्ध्या तासांत झडप मिटली पाहिजे असा नियम झाला. चौकशी ते नियम, यांत किती वर्षें गेलीं तें वाचकांनींच मोजावें.

आंध्र प्रदेशांतील नगरम येथील दुर्घटना याहून निराळी आणि आपल्यास अधिक जवळची आहे. २७ जून २०१४ च्या पहाटे तेथें गंजलेल्या वाहिनींतून गळालेला गॅस नारळीच्या बागांतून व घरांतून पसरला आणि मग पेटला. वीसाहून अधिक माणसें दगावलीं. दाब एकदम उतरला तर मिटणाऱ्या झडपेस अशी गळती प्रारंभीं ओळखतां येत नाहीं. ती प्रथम शेतावर जाणाऱ्या माणसासच कळते: वास येतो, जमिनींतून फुसफुस ऐकूं येते, पाण्यांत बुडबुडे दिसतात, एका ओळींतील हिरवें गवत अवेळीं करपतें. अशा वेळीं वाऱ्याच्या उलट दिशेस दूर व्हावें, ट्रॅक्टर वा पंप चालू करूं नये, वाहिनीच्या झडपेस हात लावूं नये, आणि पट्ट्यावरील खुणेच्या खांबावर लिहिलेल्या क्रमांकावर कळवावें. हा क्रमांक आजच घरांतील भिंतीवर लिहून ठेवावा. खांब पावसाळ्यांत गवतांत दिसेनासा होतो.

झडपा विकत घेणाऱ्यांसाठीं एक शेवटची सूचना. वितळत्या कडीची परीक्षा एकदांच होते, परीक्षा झालेली कडी परत वापरतां येत नाहीं. म्हणून पांच-दहा सभासदांनीं मिळून एकाच जातीच्या कड्या घ्याव्या, त्यांतील एक वजन टांगून पाण्यांत सोडावी, पाण्यांत उष्णतामापक ठेवावा, आणि तें हळू हळू तापवावें. कडीवर कोरलेल्या अंशांच्या आसपास ती सुटली तर बाकीच्या बसवाव्या. पाणी उकळूनही ७० अंशांची कडी तशीच राहिली, तर सगळा माल दुकानदारास परत करावा. बसविल्यावर कडीवर रंग किंवा चुना लागूं देऊं नये.