इंटर्न म्हणजे फुकटचा हेल्पर नव्हे! कॉलेजच्या मुलाला १२० तास कामावर घेताना



हल्ली एक प्रश्न सारखा कानावर येतो. "सर, कॉलेजची मुलं पत्र घेऊन येतात. म्हणतात, आमचं ओजेटी तुमच्याकडे करू द्या. पण माझा धंदा तर एवढासा! घेऊ का?"

व्हिडिओत मी एका वाक्यात उत्तर दिलं होतं: घ्या, पण तयारी करून घ्या. ती तयारी म्हणजे नक्की काय, ते आज सविस्तर बघू. वही-पेन घेऊन बसा.

आधी समजून घ्या: हा मुलगा आलाय कशासाठी?

नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडच्या विद्यापीठांत इंटर्नशिप आणि ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, हा अभ्यासक्रमाचाच भाग झाला आहे. त्याला क्रेडिट मिळतात. साधारण हिशोब असा, की इंटर्नशिपचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास. ४ क्रेडिटचं ओजेटी असेल तर १२० तास. रोज ६ तास धरले तर २० दिवस झाले.

म्हणजे तो नोकरी मागायला आलेला नाही, आणि उपकार करायलाही आलेला नाही. त्या २० दिवसांचे त्याला मार्क मिळणार आहेत. तुमच्या दुकानात त्याचा एक विषय शिकवला जाणार आहे, आणि त्या विषयाचे मास्तर तुम्ही आहात.

ही कल्पना आली कुठून?

१९०६ साली अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाच्या इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांनी २७ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग सुरू केला. एक आठवडा वर्गात, एक आठवडा कारखान्यात. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या होत्या. एक वर्गात असला की दुसरा मशीनवर, त्यामुळे कारखान्याची जागा रिकामी राहत नसे. कामाचे पैसेही मिळत. यालाच 'को-ऑप' शिक्षण म्हणतात. पुढे १९५७ मध्ये कॅनडात वॉटरलू विद्यापीठ याच पायावर सुरू झालं. तिथे आजही को-ऑपचे विद्यार्थी ४ महिने शिक्षण, ४ महिने पगारी काम, अशा आलटून-पालटून सत्रांत शिकतात.

आपल्या मातीत कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' होतीच. पण दोन्हींत फरक आहे. कमवा-शिकामध्ये कामामुळे शिक्षणाचा खर्च निघतो. इंटर्नशिपमध्ये काम हेच शिक्षण असतं. हा फरक ज्याला कळला नाही, तो मालक इंटर्नला चहा आणायला पाठवतो.

माझी चूक ऐका

मीही पाठवला होता. धंद्याच्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडे कॉमर्सची एक मुलगी महिनाभर आली. मी खूश! फुकट माणूस मिळाला. तिला पाकिटांवर स्टिकर चिकटवायला बसवलं, मध्येमध्ये गल्ल्यावर उभं केलं. शेवटच्या दिवशी कॉलेजचा फॉर्म आला: 'विद्यार्थिनी काय शिकली?' माझा पेन हलेना. काहीतरी गोलमोल लिहून सही-शिक्का मारला.

जाताना ती एक वही ठेवून गेली. दोन महिन्यांनी ड्रॉवर आवरताना मी ती उघडली. गल्ल्यावर उभी असताना तिने रोज लिहून ठेवलं होतं, किती गिऱ्हाइकं छोटं पाकीट मागून रिकाम्या हाताने परत गेली. रोज सहा-सात. माझ्याकडे छोटं पाकीट नव्हतंच! मी तिला कधी विचारलंच नाही, "तुला काय दिसलं?" नुकसान माझं झालंच, पण त्याहून जास्त टोचतं ते हे, की तिच्या शिक्षणाचा एक महिना मी स्टिकरमध्ये घालवला. तो तिला परत मिळणार नाही.

मग करायचं काय? पाच पायऱ्या

१. एकच काम ठरवा, आणि ते पूर्ण होणारं असू द्या. 'मार्केटिंग बघ' हे काम नाही. समजा, तुमचा कांदा-लसूण मसाल्याचा घरगुती उद्योग आहे. काम असं द्या: '२०० ग्रॅमच्या पाकिटाचा खरा खर्च काढ आणि ३० किराणा दुकानदारांना विचारून ये, की आपला माल ते का ठेवतात किंवा का ठेवत नाहीत.' याला शेवट आहे आणि शेवटी हातात कागद आहे.

२. तासांची वाटणी आधीच लिहा. उदाहरणार्थ, पहिले १० तास नुसतं बघणं, ४० तास दुकानांत फिरणं, ४० तास खरेदीची बिलं आणि वजनांची नोंद, २० तास खर्चाचा तक्ता, शेवटचे १० तास अहवाल. झाले १२०.

३. रोजचा अर्धा तास द्या. २० दिवसांत तुमचे १० तास जातील. तेवढे देता येत नसतील तर सरळ नाही म्हणा. त्यात कमीपणा नाही. रोज दोनच प्रश्न विचारा: आज काय दिसलं? कुठे अडलं? दोन विद्यार्थी असतील तर श्नायडरसारखी जोडी लावा. एक बाजारात, एक हिशोबाला, आणि दहा दिवसांनी अदलाबदल.

४. पैसे द्या. "आपल्याला परवडत नाही" असं लगेच म्हणू नका, हिशोब करा. रोजचे १०० रुपये प्रवास-चहाचे, म्हणजे २० दिवसांचे २,००० आणि वर मानधन ३,०००. एकूण ५,०००. आता समजा, त्याच्या तक्त्यातून कळलं की लेबल, पिशवी आणि पोहोचवण्याचा खर्च धरता एका पाकिटामागे तुमचे २ रुपये बुडतायत. महिन्याला १,५०० पाकिटं विकत असाल तर ते झाले ३,००० रुपये. दोन महिन्यांत मानधन वसूल! दरवेळी असं घडेल असं नाही. पण फुकट घेतलेल्या माणसाला आपण कामही फुकटचंच देतो, हा माझा अनुभव आहे.

५. कागद पक्का ठेवा. कॉलेजचं पत्र, तारखा, वेळ, कामाचं स्वरूप, मार्गदर्शक शिक्षकाचा नंबर आणि रोजची हजेरी. धोक्याच्या मशीनवर बसवू नका. आणि हे नीट वाचा: कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे. तुमच्याकडे १० किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती नेमावीच लागते. कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. हे मुलीला पहिल्याच दिवशी सांगा.

इंटर्न आणि अप्रेंटिस यात घोळ नको

अप्रेंटिस हा १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली येतो. त्यात करार असतो आणि दरमहा विद्यावेतन द्यावंच लागतं. ३० किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, एवढा वाटा केंद्र सरकार उचलतं. तेव्हा वीस दिवसांचा इंटर्न आधी सांभाळून बघा, जमलं तर पुढे अप्रेंटिसचा विचार करा. आणि कामगाराचं रोजचं काम इंटर्नकडून करून घेऊन पगार वाचवायचा, हा शॉर्टकट डोक्यातून काढून टाका. तो कायद्यातही बसत नाही आणि माणुसकीतही.

तुम्ही स्वतःच विद्यार्थी असाल तर?

पुढे स्वतःचा धंदा करायचा असेल तर मोठ्या कंपनीच्या शिक्क्यामागे धावू नका. जिथे मालक समोर बसतो, उधारी वसूल होताना दिसते, माल परत आलेला दिसतो, अशी छोटी जागा शोधा. जाताना पाच प्रश्न लिहून न्या आणि रोजची वही ठेवा. मालकाने विचारलं नाही, तरी शेवटच्या दिवशी ती वही त्याला वाचून दाखवा.

आजचा गृहपाठ

तुमच्या धंद्यातला एक असा प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर तुम्हाला गेले सहा महिने हवंय, पण शोधायला वेळ नाही. त्याच्याखाली १२० तासांची वाटणी करा. पान भरलं तर तुम्ही इंटर्न घ्यायला तयार आहात. पान कोरं राहिलं तर पत्र घेऊन आलेल्या मुलाला पाणी द्या, आणि दुसऱ्या चांगल्या दुकानाचा पत्ता सांगा. त्याचे २० दिवस वाचतील.

भेटू पुढच्या धड्यात!