पाठ : दिव्यांग मुलामुलींसाठी गाण्या-खेळांचं शिबिर

तायांनो, मागच्या बैठकीला कोण कोण आलं नव्हतं, ते जरा आठवा. त्यात एखादी ताई अशी असते, जी कधीच येत नाही. बचतीचे पैसे शेजारणीच्या हाती पाठवते. विचारलं तर म्हणते, "घरी पोरगं आहे, त्याला कुणावर सोडू?" पोरगं असतं सतरा वर्षांचं. शाळा सुटली, आता दिवसभर पडवीत बसून. लग्न असो की जत्रा, त्याला कुणी नेत नाही.

अशा मुलामुलींसाठी ग्रामसंघानं एक दिवसाचं शिबिर घेतलं तर? खर्च थोडा, पण तयारी नीट हवी.

१. आधी घरी जा
शिबिराच्या आठ दिवस आधी दोघीजणी प्रत्येक घरी जा. आईला विचारा: फिट येते का? औषध किती वाजता? संडासला कसं नेता? गिळायला त्रास होतो का? कशाला घाबरतो? हे वहीत लिहून ठेवा. मुलाशीही बोला. "तुला काय आवडतं?" हे त्यालाच विचारा.

२. जागा आणि माणसं
पायऱ्या नसलेली, सावलीची जागा बघा. संडास जवळ हवा. वेळ सकाळी १० ते १ पुरे. दोन मुलांमागे एक ताई ठेवा. मुलीला संडासला नेताना दोघी बायकाच जा. गोंधळ सहन न होणाऱ्यांसाठी एक शांत खोली मोकळी ठेवा. स्पीकर नको. मोठ्या आवाजानं काही मुलं बिथरतात.

३. गाणी आणि खेळ
वाद्यं गावातलीच घ्या: हलगी, ढोलकी, टाळ, लेझीम. नसलं तर ताट आणि चमचा.
• ऐकू न येणाऱ्या मुलाचा हात वाजत्या ढोलकीच्या कडेला ठेवा. ठेका त्याला हाताला कळतो.
• न दिसणाऱ्यासाठी चेंडूत घुंगरू घाला, आवाजावर तो पकडता येतो.
• चाकाच्या खुर्चीवरच्या मुलीला लेझीम बसूनही खेळता येते. मग सगळ्यांनीच बसून खेळा.
• बौद्धिक दिव्यांग मुलाला एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि करून दाखवा. सुरुवातीला आणि शेवटी तेच गाणं घ्या.
पहिला-दुसरा नंबर काढू नका. 'बिचारा' हा शब्द तोंडातून काढू नका. विचारल्याशिवाय फोटो नको.

४. फिट आली तर
घाबरू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ कापड ठेवा, आजूबाजूची टणक वस्तू दूर करा. कांदा, चप्पल हुंगवू नका. तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका. हातपाय दाबून धरू नका. घड्याळ बघा. ५ मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा.

५. कागदांचं टेबल
मुलं गात असतील तेव्हा आयांसोबत कागद तपासा. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड आहे का? बऱ्याच योजनांना ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. ग्रामपंचायतीनं आपल्या स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कुठं खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारा. शिबिरासाठीही मागणी करा.

आणि हे उपकार नाहीत, बरं का. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा. त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे. शिक्षण आणि रोजगाराबरोबर करमणूक आणि खेळ यांचाही त्यात विचार आहे.

एका दिवसानं पोराचं आयुष्य बदलेल असं नाही. पण गावाला त्याचं नाव कळेल. आणि त्याच्या आईला तीन तास मोकळे मिळतील. पुढच्या बैठकीला तिलाही बोलवा, पोराला घेऊनच. बसायला सतरंजी आपली मोठी आहे.

बैठकीत बोलूया
• आपल्या गावात अशी मुलं-मुली किती? त्यांची नावं आपल्याला माहीत आहेत का?
• आपली बैठकीची जागा त्यांना येण्यासारखी आहे का?
• शिबिरासाठी कोणत्या दोघी घरोघर जातील? आजच ठरवा.