खंभातच्या भरतीने शिकवलेले

भरती-ओहोटी संगणकावर मांडणे हा माझा पोटाचा उद्योग. खंभातचे आखात आणि त्यापुढचा उथळ भूखंडमंच यांच्या संगतीत जे उमगत गेले, त्यातले थोडे:

१. आखाताची भरती आखातात जन्मत नाही. चंद्र ओढतो ते महासागराचे पाणी. एवढ्याशा आखातावरची त्याची थेट ओढ हिशेबात जेमतेम दिसते. म्हणून खोल समुद्राच्या कडेला पाणी किती वर-खाली होते ते आकडे भरले की पुढचे किनारा आणि तळ बघून घेतात. माझ्या भरतीत चंद्रच नाही, हे घरी अजून कुणाला पटलेले नाही.

२. खोलीपेक्षा उथळपणाचा रुबाब मोठा. तीन किलोमीटर खोल समुद्रात भरतीची लाट ताशी ६०० किलोमीटरच्या आसपास धावते. ५० मीटर खोलीवर वेग ८०वर उतरतो. वेग गेला की उंची वाढते. मुंबईच्या वायव्येला हा मंच ३०० किलोमीटरहून रुंद. म्हणूनच उधाणाला गोव्यात पाणी दोनेक मीटर चढते, मुंबईत चार-पाच, भावनगरला दहाच्या घरात.

३. सगळ्याच लाटांना आखात सारखे मानवत नाही. १२ तास २५ मिनिटांनी येणारी लाट २० मीटर पाण्यात सुमारे ६२५ किलोमीटर लांब असते. तिच्या पाव लांबीच्या जवळ जाणारे, आत निमुळते होणारे आखात मिळाले की ती फुगते. दिवसातून एकदाच येणारी लाट याच्या दुप्पट लांब. ती तिथून जवळपास तशीच जाते. दार एकच, पाहुणचार वेगळा.

४. जुळलेल्या आलेखाने मी आता हरखत नाही. तळाच्या घर्षणाचा आकडा थोडा इकडेतिकडे केला की पाण्याची उंची मापनाशी जुळते. पण मुळात नकाशावरची खोलीच जुनी असेल तर? नर्मदा, तापी, मही, साबरमती गाळ ओततात, वाळूचे दांडे जागा बदलतात. उंची हे सहन करते; प्रवाह मात्र दांड्याच्या या बाजूला एक आणि त्या बाजूला दुसराच.

५. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे कोकणात कुणीही सांगेल. अष्टमीला सहा वाजता. भरती रोज सुमारे ५० मिनिटे मागे सरकते, ते यात साधारण बसते. इथे अमावास्या-पौर्णिमेची भरती बाराच्या सुमारास येते म्हणून सूत्र इतके सुटसुटीत. भावनगरला त्यात काही तास मिळवावे लागतात. हे वरचे काही तास शोधण्याचाच मला पगार मिळतो.

६. उद्याची भरती सांगायला मॉडेल लागत नाही. बंदरावर वर्षानुवर्षे मापन झालेले असले की छापील कोष्टक सरस ठरते. मीही तेच बघते. मॉडेल लागते ते जिथे मापनच नाही तिथे, किंवा जे अजून घडलेले नाही त्यासाठी. आखातावर योजलेल्या कल्पसरसारखा बांध घातला तर आखाताची लांबी बदलेल, आणि लांबीवरच तर सारे बेतलेले. ते कोष्टक कुणीच छापलेले नाही.