पोट दुखतंय... पण नक्की कुठे?

गेल्या वर्षी पी.एल. चालू असताना माझ्या रूम पार्टनरचं रात्री दहाच्या सुमारास पोट दुखायला लागलं. बेंबीच्या आसपास. मेसमध्ये त्या दिवशी छोले होते, त्यामुळे आमच्या विंगने एकमताने निदान करून टाकले : गॅस! कुणी ओवा दिला, कुणी सोड्याची पुडी, कुणी बेंबीला हिंग लावला. वरून डोकेदुखीची एक गोळी. पहाटे त्याला उलटी झाली. सकाळी दुखणं उजवीकडे खाली सरकलं आणि तो वाकून चालायला लागला. नाश्ता नको म्हणाला. दुपारी अचानक म्हणतो, "आता बरं वाटतंय." आम्ही पुन्हा पुस्तकं उघडली. रात्री थंडी वाजून १०३ ताप भरला, तेव्हा रेक्टर सरांच्या गाडीतून त्याला दवाखान्यात नेलं. अपेंडिक्स फुटलं होतं.

सर्जनने मला तीनच प्रश्न विचारले. दुखणं सुरू कुठे झालं? मग कुठे गेलं? खाण्यावर वासना होती का? मी तिन्हींची उत्तरं बरोबर दिली. ते म्हणाले, "म्हणजे हे सगळं तुला सकाळीच माहीत होतं की!"

त्यानंतर मी जे वाचलं आणि डॉक्टरांना विचारून घेतलं, ते इथे मांडतो आहे.

आपली पचनसंस्था म्हणजे तोंडापासून गुदद्वारापर्यंत एक लांबलचक पाइपलाइन. अन्ननलिका साधारण २५ सें.मी., लहान आतडे सुमारे ६ मीटर, मोठे आतडे दीड मीटर. गंमत अशी की, आतल्या पाइपला नेमकं 'कुठे' दुखतंय ते सांगता येत नाही. अपेंडिक्सची वायरिंग मज्जारज्जूत ज्या पातळीवर जाते, त्याच पातळीवर बेंबीच्या भोवतालच्या त्वचेचीही जाते. म्हणून सुरुवातीला बेंबीपाशी दुखतं. सूज वाढून पोटाच्या आतल्या अस्तराला टेकली की मग तिथला अचूक सेन्सर बोलू लागतो आणि दुखणं उजवीकडे खाली 'सरकतं'. याला साधारण १२ ते २४ तास लागतात. सोबत भूक मेलेली, मळमळ, बारीक ताप, खोकलं किंवा चालताना हादरा बसला की कळ. आणि फुटल्यावर आतला दाब एकदम उतरतो, म्हणून थोडा वेळ बरं वाटतं! त्या 'बरं वाटतंय'ला आम्ही फसलो. हा आजार १० ते ३० या वयात जास्त आढळतो, म्हणजे अख्खं हॉस्टेल त्यात आलं. असा संशय असेल तर जुलाबाचं औषध, एरंडेल, गरम पाण्याची पिशवी काहीही नको. खायला-प्यायलाही न देता थेट दवाखाना.

आता आपली लाडकी ॲसिडिटी. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, पी.एच. दीड ते साडेतीन. जठराला ते सोसतं, अन्ननलिकेला नाही. दोघांच्या मध्ये स्नायूंचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे. रात्री अकराला मिसळ, त्यावर चहा-सिगारेट आणि लगेच आडवं होणं यात तो व्हॉल्व्ह ढिला पडतो. मग छातीत जळजळ, घशाशी आंबट. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवले तरी बराच फरक पडतो.

अल्सर मात्र वेगळा. बेंबीच्या वर, मधोमध कुरतडल्यासारखं दुखतं. लहान आतड्याच्या सुरुवातीला व्रण असेल तर उपाशीपोटी किंवा मध्यरात्री दुखून जाग येते आणि दोन बिस्किटं खाल्ली की थांबतं. जठरात असेल तर उलट, खाल्ल्यावर वाढू शकतं. 'टेन्शनने अल्सर होतो' ही समजूत ऑस्ट्रेलियातील वॉरन आणि मार्शल या डॉक्टरांनी मोडीत काढली. मुख्य गुन्हेगार हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू, हे कुणाला पटेना, म्हणून १९८४ मध्ये मार्शलने त्या जंतूंचा द्राव स्वतःच पिऊन जठराला सूज आणून दाखवली! (प्रॅक्टिकल असं करावं, पण जर्नलपुरतं.) दोघांना २००५ चे नोबेल मिळाले. दुसरा गुन्हेगार आपल्या ड्रॉवरमध्येच असतो : इब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या. डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली तर आत रक्त वाहतंय असं समजावं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

जुलाब-उलट्यांत घड्याळ बघा. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत जोरात उलट्या झाल्या तर बहुधा अन्नात आधीच तयार झालेलं विष. बाहेर तासन् तास राहिलेलं पनीर किंवा भात पुन्हा उकळला तरी असं विष जाईलच असं नाही. रक्त, शेंब आणि मुरडा असेल तर ती आव. त्यात जुलाब थांबवणारी गोळी मनाने घेऊ नये, शौच तपासून घ्यावी. साध्या जुलाबात माणूस थकतो तो पाणी आणि क्षार गेल्यामुळे. लहान आतड्याच्या भिंतीत एक सामाईक दार आहे. त्यातून साखर आत जाताना मिठाला सोबत नेते आणि मागोमाग पाणी जाते. कॉलऱ्यातसुद्धा हे दार चालू राहतं. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत सलाइन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात मीठ-साखरेचं पाणी करून पाजलं, आणि तिथलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. ओ.आर.एस.ची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. कोल्ड्रिंक नको. त्यातली जादा साखर पाणी उलट आतड्यात ओढते.

टायफॉइडचा जंतू आतड्यातून शिरतो, पण जुलाब होतीलच असं नाही, बऱ्याचदा बद्धकोष्ठच असतं. ताप मात्र रोज पायरीपायरीने चढतो. पहिल्या आठवड्यात रक्ताचं कल्चर केलेलं उत्तम. ताप उतरला की पोरं गोळ्या सोडतात आणि घरी निघतात, हे सगळ्यात वाईट. उपचार नीट झाले नाहीत तर तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोक पडू शकतं. दूषित पाण्याचीच देणगी म्हणजे कावीळ. डोळे पिवळे व्हायच्या आधी भूक जाते, लघवी गडद होते. ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते, त्यामुळे श्रेय गळ्यातल्या माळेला मिळतं.

मूळव्याधीबद्दल कुणी बोलत नाही, पण तासन् तास खुर्चीवर, पाणी कमी आणि मैदा जास्त असला की विशीतही होते. मोबाइल घेऊन संडासात बसणाऱ्यांनी स्वतःहून ओळखावे. आणि फक्त ओरल्सच्या सकाळी ज्यांना चार वेळा पळावं लागतं, पण वजन घटत नाही, रक्त पडत नाही, रात्री झोपमोड होत नाही, त्यांचा आजार बहुधा आतडं आणि मेंदू यांच्यातल्या संवादाचा असतो. त्याला घाबरायचं कारण नाही, एकदा दाखवून घ्यावं.

पार्टनर अकरा दिवसांनी हॉस्टेलवर परतला. त्याचे राहिलेले विषय त्याने पुढच्या सेमिस्टरला काढले. आमच्या विंगच्या दारावर आता १०८ आणि रेक्टर सरांचा नंबर मार्करने लिहिलेला आहे, आणि त्याखाली सर्जनचे तीन प्रश्न.