डोळ्याच्या फाइलवर शुगरचा कोड

लालबागेत सकाळी फिरायला येणारी मंडळी हल्ली पिशवीत डिस्चार्ज कार्ड घेऊनच येतात की काय, असं मला वाटू लागलंय. प्रश्न बहुधा एकच असतो. "डॉक्टर, इंजेक्शन डोळ्यात दिलं, मग कागदावर ई११.३ कसं? डोळ्याचे कोड तर एचनं सुरू होतात म्हणे." नातवानं मोबाइलवर शोधून दिलेलं असतं.

नातू बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, डोळ्याचे आजार एच०० ते एच५९ या कोडांत येतात. डोळ्याच्या पडद्याचे त्यातले एच३० ते एच३६. (अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे, आपल्याकडे विम्याच्या फॉर्मवर अजून दहावीच चालते.) पण पडद्याला इजा शुगरमुळे झाली असेल तर दोन कोड लागतात. आधी कारणाचा, मग डोळ्याचा. टाइप २ मधुमेहाचा डोळ्यावर परिणाम हा ई११.३ आणि त्यातून झालेला पडद्याचा विकार एच३६.०. या दुसऱ्या कोडावर यादीत तारांकन आहे, आणि तारांकित कोड एकटा लिहायचा नाही असा नियम आहे.

हा नियम मला फार पटतो. इंजेक्शन झालं, सूज उतरली, की रुग्णाला वाटतं डोळ्याचं काम संपलं. शुगरचं काय ते एमवाय हॉस्पिटलमधले मेडिसिनवाले बघतील. पण पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात त्या वाढलेल्या शुगरनं, आणि सोबत बीपी असेल तर जास्तच. इंजेक्शन ही गळती काही आठवडे आवरतं. एचबीए१सी (सरासरी शुगरची तपासणी) नऊच्या वर ठेवून तुम्ही दर महिन्याला इंजेक्शन घेत राहाल, तर पैसे जातील आणि नजरही.

आता विम्याचं. क्लेमच्या फॉर्मचा जो भाग हॉस्पिटल भरतं, त्यात निदानाच्या कोडासाठी वेगळा रकाना असतो. तिथे एच३५ऐवजी घाईत एच२५ पडला, तर पडद्याच्या आजाराचा मोतीबिंदू होतो. बऱ्याच पॉलिसींत मोतीबिंदूला दोन वर्षं थांबावं लागतं, त्यामुळे क्लेम परत येतो आणि रुग्ण चक्रावतो. दुसरी नेहमीची गफलत म्हणजे शुगरच्या रुग्णाला एच३५.० लावणं. तो बीपीसारख्या कारणांनी रक्तवाहिन्यांत होणाऱ्या बदलांचा कोड आहे. मधुमेहाचा विकार त्यात बसत नाही. डोळ्यातलं इंजेक्शन आधुनिक उपचारांच्या यादीत आहे आणि विमा नियामकाच्या नियमाप्रमाणे कंपनीला ते सरसकट वगळता येत नाही. मात्र रकमेची मर्यादा असू शकते, तेवढी पॉलिसी आधीच वाचा.

"शुगरचं लिहू नका ना, क्लेम अडकेल," असं हळूच सांगणारेही भेटतात. मी नाही लिहिणार, असं होणार नाही. आधीपासूनच्या आजाराला आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ लावता येतो. लपवलं तर मात्र पुढचे सगळे क्लेम धोक्यात येतात.

कागद हातात आला की काउंटरवरून हलण्याआधी चार गोष्टी अक्षरांत लिहिल्यात का ते पाहा: उजवा की डावा डोळा, मधुमेहाचा प्रकार, विकाराची पायरी, आणि पडद्याच्या मध्यभागी सूज आहे की नाही. आयसीडी-१० च्या मूळ यादीत उजवं-डावं नाहीच. अमेरिकी आवृत्तीत ते शेवटच्या आकड्यात येतं: ई११.३५१३ मधला शेवटचा ३ म्हणजे दोन्ही डोळे. मुलांकडे अमेरिकेत जाऊन तपासून आलेल्यांच्या फाइलवर असे लांबलचक कोड दिसतात, घाबरू नका. इथल्या डॉक्टरांना ते कागद आणि ओसीटीचे, म्हणजे पडद्याच्या स्कॅनचे, प्रिंट जरूर दाखवा.

दोन कोड मात्र असे आहेत की कागदाची वाट पाहत बसायचं नाही. एकाएकी काळे ठिपके, विजेसारखी चमक, बाजूनं सावली सरकत येणं ही पडदा सुटण्याची लक्षणं (एच३३). त्याच दिवशी दाखवा. न दुखता एका डोळ्याची नजर क्षणात गेली, तर पडद्याची मुख्य धमनी बंद झालेली असू शकते (एच३४.१). त्यात तासांचा हिशोब असतो आणि मेंदूच्या झटक्याचाही धोका असतो, तेव्हा थेट मोठ्या हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठा.

बाकीच्यांनी, टाइप २ मधुमेह कळला त्याच वर्षी पडदा तपासून घ्या आणि पुढे दरवर्षी. चष्म्याच्या दुकानात नजर ६/६ निघाली म्हणून टाळू नका; बिघाड सुरू झाल्यावरही नजर बराच काळ उत्तम राहते. त्या दिवशी स्कूटर घरी ठेवा. थेंबांनी बाहुली मोठी झाली की चार-पाच तास उजेड डोळ्यात खुपतो आणि जवळचं धूसर दिसतं, आणि अन्नपूर्णा रोडची गर्दी तुम्हाला ठाऊकच आहे.