डेंड्रोबियमला पुन्हा फूल यावे म्हणून

१४ एप्रिलच्या कार्यक्रमात किंवा स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हाती जो पुष्पगुच्छ दिला जातो, त्यातील जांभळ्या-पांढऱ्या पाकळ्यांची लांब दांड्यावरची फुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. ती बहुधा डेंड्रोबियम या ऑर्किडची, आणि त्यातही 'सोनिया' या संकरित जातीची असतात. अलीकडे ही फुले कुंडीसह विकत मिळतात, भेट म्हणून दिली जातात आणि इंदापूर-बारामतीकडील घरांतही पोहोचली आहेत. दीड-दोन महिने फुलांचा तुरा टिकतो. मग तो गळतो आणि कुंडीत चार-पाच उघड्या कांड्या उरतात. दुसरे वर्ष फुलांवाचून जाते आणि तिसऱ्या वर्षी कुंडी परसात उलटी पडलेली दिसते. हे झाड मेले की काय, असा प्रश्न पालक सभेच्या दिवशी आम्हांला इतक्या वेळा विचारला गेला आहे की, त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले. इतिहासाच्या शिक्षकाने वनस्पतींवर लिहावे हे काहींना विचित्र वाटेल. परंतु या वनस्पतीलाही इतिहास आहे, आणि तो समजल्यावाचून तिची निगा नीट राखता येत नाही, असा आमचा अनुभव आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. झाडावर वाढते म्हणून ऑर्किडला आपल्याकडे सर्रास बांडगूळ म्हटले जाते. ते चूक आहे. बांडगूळ आपली मुळे यजमान झाडाच्या आत घुसवून त्याचा रस शोषते. डेंड्रोबियम झाडाचा केवळ आधार घेते, त्याचे अन्न घेत नाही. सालीवरून ओघळणारे पावसाचे पाणी, हवेतील ओलावा आणि कुजलेला पालापाचोळा यांवर ते जगते. अशा वनस्पतीला अपिवनस्पती म्हणतात. डेंड्रोबियम हे नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ ओलोफ स्वार्ट्झ याने १७९९ मध्ये रूढ केले. ग्रीक भाषेत 'डेंड्रॉन' म्हणजे झाड आणि 'बायोस' म्हणजे जीवन. झाडावर जीवन कंठणारे, इतकाच त्या नावाचा अर्थ.

मात्र नाव युरोपात पडले म्हणून ज्ञानही तिकडूनच आले असे मानण्याचे कारण नाही. डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारातील वनस्पतींवर तयार करविलेला 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. त्यातील औषधी ज्ञानाचा मोठा भाग इट्टी अच्युतन या वैद्याने सांगितला. हा वैद्य एझवा समाजातील होता, म्हणजे ज्यांना त्या काळी अस्पृश्य लेखले जाई अशा समाजातील. त्याच ग्रंथात तीन कोकणी ब्राह्मण वैद्यांचे निवेदनही नागरी लिपीत छापले आहे. बाराव्या खंडात एका ऑर्किडचे 'अनंताली मरवर' या मलयाळी नावाने चित्र आहे. लिनियसने १७५३ मध्ये त्याचाच आधार घेऊन त्या वनस्पतीला लॅटिन नाव दिले, आणि आज आपण तिला डेंड्रोबियम ओव्हॅटम म्हणतो. आमच्या मते वर्गात ऑर्किड शिकवताना स्वार्ट्झ आणि लिनियस यांच्याबरोबर अच्युतन वैद्याचे नावही फळ्यावर लिहिले गेले पाहिजे.

हीच डेंड्रोबियम ओव्हॅटम आणि तिची बहीण शोभावी अशी डेंड्रोबियम बार्बाट्युलम या दोन्ही आपल्या सह्याद्रीतील रहिवासी आहेत. निरवांगीजवळून वाहणारी नीरा भोर तालुक्यातील डोंगरांत उगम पावते. त्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि आपल्या वाट्याला वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो. साहजिकच असे वाटते की, तिकडची वनस्पती इकडे जगायची कशी? पण घाटातील ऑर्किडचे वर्ष बारकाईने पाहावे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत नवी कांडी फुटते, वाढते, पाने धरते आणि फुगते. पाऊस संपला की पाने पिवळी पडून गळतात. त्यानंतर थेंबभर पाणी नसलेल्या कोरड्या सालीवर उघडी कांडी उभी राहते, आणि त्या उघड्या कांडीवरच हिवाळा-उन्हाळ्याच्या सांध्यावर पांढरी फुले उमलतात. म्हणजे वाढ ओलीत होते आणि फूल कोरडीत येते. घरच्या कुंडीला बारा महिने सारखे पाणी, सारखी सावली आणि सारखे खत मिळाले, तर झाड हिरवेगार राहील, पण फुलण्याचे कारण त्याला सापडणार नाही.

बाजारात जी डेंड्रोबियम मिळतात त्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात आणि दोहोंची वागणूक वेगळी आहे. पहिल्या वर्गाच्या कांड्या कठीण व उभ्या, पाने जाड, आणि फुलांचा लांब तुरा कांडीच्या शेंड्याजवळून निघतो. सोनिया याच वर्गातील. यांचे एक मूळ पूर्वज डेंड्रोबियम बायगिबम हे उत्तर ऑस्ट्रेलियातील उष्ण प्रदेशाचे असून ते क्वीन्सलँड राज्याचे मानचिन्ह आहे. दुसऱ्या वर्गाच्या कांड्या मऊ व रसाळ, आणि फुले दोन-दोन तीन-तीनच्या झुपक्यांनी कांडीच्या प्रत्येक पेरावर येतात. हा नोबिल वर्ग हिमालयाच्या पायथ्याचा. डेंड्रोबियम नोबिल हे सिक्कीमचे राज्यपुष्प आहे, आणि त्याच राज्यात पाकयोंग येथे १९९६ पासून राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्र कार्यरत आहे. कुंडी घेताना आपली जात कोणत्या वर्गातील हे विचारून घ्यावे. विक्रेत्याला सांगता आले नाही, तर तुरा शेंड्यातून निघाला आहे की फुले पेरापेरावर आहेत, हे स्वतः पाहावे.

आपल्या भागातील वाचकाला या झाडाची रचना समजावून सांगणे फार सोपे आहे, कारण ती उसासारखी आहे. कांडीला पेरे असतात, प्रत्येक पेरावर डोळा असतो, आणि नवा फुटवा बुडातून येतो. फरक एकाच ठिकाणी आहे आणि तोच लोकांना चकवतो. ऊस तोडला की खोडवा जोमाने येतो, म्हणून फुले संपताच डेंड्रोबियमची जुनी कांडी छाटली तर नवी जोमाने येईल, असा तर्क केला जातो. ही कांडी म्हणजे झाडाचे पाण्याचे टाके आणि धान्याचे कोठार आहे. नवा फुटवा तिच्यावरच पोसला जातो. शिवाय कठीण कांडीच्या वर्गात एकदा फुललेल्या कांडीच्या उरलेल्या डोळ्यांतून पुढील वर्षी पुन्हा तुरा निघू शकतो. तेव्हा फुले गळाल्यावर केवळ वाळलेला तुरा कापावा, कांडीला हात लावू नये. पाने नसलेली, सुरकुतलेली कांडीही जोवर हिरवट आणि टणक आहे तोवर जिवंत आहे. ती पिवळी-तपकिरी होऊन पोकळ लागली, तरच काढावी.

कुंडीत माती मुळीच घालू नये, आणि काळी माती तर नाहीच. लाकडी कोळशाचे तुकडे, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे, साधारण सुपारीएवढ्या आकाराचे, हे मिश्रण पुरते. सोडण दोन-तीन दिवस पाणी बदलून भिजत ठेवावे, म्हणजे त्यातील क्षार निघून जातात. कुंडी लहान, पाच-सहा इंचांची आणि बाजूंनाही भोके असलेली हवी. मोठ्या कुंडीत मधला भाग ओला राहतो आणि मुळे कुजतात.

उजेडाविषयी सांगायचे तर पानाचा रंग हाच मापक. गर्द हिरवे पान पाहून मालक खूश होतो, पण ते झाड अंधारात उपाशी आहे आणि फुलणार नाही. पोपटी, किंचित पिवळसर हिरवे पान हवे. सकाळचे नऊ-साडेनऊपर्यंतचे ऊन थेट मिळावे आणि त्यानंतर ५० टक्क्यांची शेडनेट असावी. मार्च ते मे आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. त्या काळात शेडनेट दुहेरी करावी, किंवा कुंडी पूर्वेच्या ओसरीत आणून जमिनीवर पाणी शिंपडावे.

आता पाण्याकडे वळू. निरवांगीसारख्या गावात ऑर्किड मरण्याचे मुख्य कारण ऊन हे नव्हे, पाणी हे आहे. नीरा डावा कालवा सुरू होऊन शतकाहून अधिक काळ लोटला. त्याने ऊस दिला, आणि अतिसिंचनाने अनेक शिवारांत जमिनी क्षारपड झाल्या, विहिरी-बोअरचे पाणी जड झाले. ज्या पाण्याने चहा फाटतो आणि घागरीला पांढरा थर बसतो, ते पाणी ऑर्किडच्या मुळांना सोसत नाही. या मुळांवर एक पांढरे, स्पंजासारखे आवरण असते. कोरडे असताना ते रुपेरी दिसते, भिजले की हिरवे होते. पाणी क्षारयुक्त असेल तर कुंडीच्या काठावर पांढरी पूड साचते, पानांची टोके करपतात आणि मुळांचे शेंडे काळे पडतात. पाणी शुद्ध करणारे यंत्र बसविणाऱ्या कारागिराजवळ क्षार मोजण्याचे टीडीएस मीटर असते. त्याने आपले पाणी एकदा मोजून घ्यावे. आकडा २०० च्या आत असल्यास उत्तम, ५०० च्या वर असल्यास ते पाणी या झाडाला देऊ नये. यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी तर अधिकच खारे असते. ते वाया जाऊ नये म्हणून काही जण कुंड्यांना घालतात. फरशी पुसायला ते खुशाल वापरावे, ऑर्किडला नको.

यावर सर्वांत स्वस्त उपाय पावसाचे पाणी. हिशेब साधा आहे आणि आम्ही तो सातवीच्या वर्गात करून घेतो. दहा चौरस मीटर पत्र्यावर २० मिलिमीटर पाऊस पडला तर २०० लिटर पाणी मिळते, म्हणजे एक पिंप भरते. एका लहान कुंडीला एका वेळी पाव लिटर पुरते, तेव्हा दहा कुंड्यांना रोज अडीच लिटर, आणि एक पिंप ८० दिवस चालते. पहिल्या पावसाचे धुळीचे पाणी सोडून द्यावे आणि पिंपावर डासांसाठी घट्ट फडके बांधावे. उन्हाळ्यात रोज, पावसाळ्यात पाहून, हिवाळ्यात तीन-चार दिवसांनी, असा सर्वसाधारण क्रम. पाणी सकाळीच द्यावे, म्हणजे रात्रीपूर्वी पानांच्या बेचक्या कोरड्या होतात.

खत कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळते. नवा फुटवा वाढत असताना, म्हणजे जून ते सप्टेंबर, १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा. शेतकऱ्याचा हात ठिबकच्या मात्रेला सरावलेला असतो. इथे त्या हाताला आवर घालावा. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी भरपूर धुऊन काढावी. कांडीच्या टोकाला शेवटचे पान येऊन तिची वाढ थांबली की नत्र कमी करून ०:५२:३४ त्याच बेताने तीन-चार वेळा द्यावे. 'फूल आणणारी' म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या पुड्यांवर आमचा विश्वास नाही. पक्व कांडी आणि पुरेसा उजेड नसेल तर कोणतेही खत फूल आणीत नाही.

फुलण्याच्या काळात दोन्ही वर्गांचे मार्ग वेगळे होतात. नोबिल वर्गाला विश्रांती हवीच. नोव्हेंबरच्या मध्यापासून खत पूर्ण बंद करावे, पाणी आठ-दहा दिवसांनी आणि तेही कांडी फार सुरकुतू नये एवढेच द्यावे, आणि कुंडी उघड्यावर, भरपूर उजेडात ठेवावी. आपल्याकडील डिसेंबर-जानेवारीच्या १०-१५ अंशांच्या रात्री या झाडाला मानवतात. पाने गळतील, झाड मरतुकडे दिसेल, घरातील वडीलधाऱ्यांना दया येईल आणि कोणीतरी तांब्याभर पाणी ओतील. तेवढे मात्र होऊ देऊ नये. पेरांवरचे डोळे फुगून त्या कळ्याच आहेत हे स्पष्ट दिसल्यावरच पाणी वाढवावे. घाई केली तर त्याच डोळ्यांतून कळीऐवजी पाने-मुळे असलेले पिल्लू निघते.

सोनियाच्या वर्गाला अशी कडक विश्रांती देऊ नये. त्याला हिवाळ्यात पाणी थोडे कमी करावे, एवढेच. रात्रीचे तापमान १५ अंशांच्या खाली जाऊ लागले की कुंडी भिंतीच्या आडोशाला किंवा घरात घ्यावी. याचा तुरा पावसाळ्याअखेर किंवा त्यानंतर पक्व कांडीच्या वरच्या डोळ्यांतून निघतो. तुरा दिसल्यावर कुंडीची दिशा फिरवू नये, नाहीतर तो उजेडाकडे वळत वाकडा होतो.

किडींत उन्हाळी लाल कोळी, पिठ्या ढेकूण आणि खवले कीड या मुख्य. ओल्या फडक्याने पुसून काढणे आणि निंबोळी तेलाची फवारणी करणे बहुधा पुरते. पावसाळ्यात गोगलगायी रात्री दिवा घेऊन वेचाव्यात.

माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळ जण सुट्टीत घाटात भटकंतीला जातात, म्हणून एक विनंती. झाडावरचे रानऑर्किड काढून आणू नये. एकोणिसाव्या शतकात युरोपातील धनिकांसाठी संग्राहकांनी आशियातील जंगले या वनस्पतींपायी ओरबाडली. आज संपूर्ण ऑर्किड कुल आंतरराष्ट्रीय व्यापारनियंत्रणाखाली आहे. शिवाय रानातील ऑर्किडच्या धुळीसारख्या बारीक बीमध्ये अन्नसाठा नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते, म्हणून रानातून गेलेले एक झाड सहजी भरून निघत नाही. रोपवाटिकेतील झाडे प्रयोगशाळेत वाढविलेली असतात, ती घ्यावीत.

कुंडी दर दोन-तीन वर्षांनी, नव्या फुटव्याला मुळे डोकावू लागताच बदलावी. झाडाचे भाग करायचे असल्यास प्रत्येक भागात किमान तीन-चार कांड्या ठेवाव्यात. कांडीवर पिल्लू आले असेल तर त्याची मुळे दोन इंचांची होईपर्यंत ते आईजवळच राहू द्यावे. मग स्वच्छ पात्याने कांडीच्या छोट्या तुकड्यासह कापून, कापलेल्या जागी हळद लावून, कोळशाच्या तुकड्यांत लहान कुंडीत बसवावे आणि महिनाभर गर्द सावलीत ठेवावे. त्याला पहिले फूल यायला दोन वर्षे किंवा थोडी अधिक लागतात. ज्यांना असे पिल्लू हवे असेल त्यांनी पावसाळ्याच्या सुरुवातीस शाळेत यावे, आणि येताना भोके पाडलेली चार इंचांची कुंडी बरोबर आणावी.