लढाईहून घरी आलेला माणूस

पारनेर तालुक्यातील एक माजी सैनिक आठ वर्षांपासून माझ्याकडे येतात. (त्यांच्या संमतीने लिहितो आहे, ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.) तक्रार एकच, झोप लागत नाही. मी रक्तदाब पाहायचो, दारू कमी करा म्हणायचो आणि झोपेच्या गोळ्या लिहून द्यायचो. मध्यंतरी त्यांच्या पत्नी एकट्याच आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, के. के. रेंजवर रणगाड्यांचा सराव सुरू झाला की हे गोठ्यात जाऊन बसतात. दिवाळीचे चार दिवस मळ्यातच काढतात. रात्री झोपेत ओरडतात. एकदा हलवून उठवायला गेले, तर माझा गळाच धरला."

आठ वर्षांत मी त्यांना स्वप्नांबद्दल एकदाही विचारले नव्हते.

योगायोग असा, की त्याच सुमारास मुलाने आग्रहाने 'द पॅसिफिक' ही 2010 सालची अमेरिकन मालिका दाखवली. दुसऱ्या महायुद्धात जपानशी लढलेल्या मरीन सैनिकांची, म्हणजे समुद्रातून बेटांवर उतरून लढणाऱ्या जवानांची ही कथा. पात्रे खरी आहेत. त्यात लेकी नावाचा धडधाकट जवान अंथरुणात लघवी करू लागतो आणि त्याला इस्पितळात पाठवावे लागते. वाचकांना हे विचित्र वाटेल, पण मनावरचा ताण शरीरातून असाही बाहेर पडतो. दुसरा जवान स्लेज. पेलेलिऊ आणि ओकिनावा येथे लढून तो घरी येतो. रात्री तो झोपेत ओरडतो, तेव्हा वडील त्याच्या खोलीच्या दाराबाहेर बसून राहतात. पुढे वडिलांबरोबर शिकारीला गेला असता त्याला बंदूक उचलवत नाही, तो रडू लागतो. वडील रागावत नाहीत, "मर्दासारखा वाग" असेही म्हणत नाहीत. हे वडील पेशाने डॉक्टर होते, ही गोष्ट मला फार लागली.

मालिकेत उपचार दिसत नाहीत, कारण तेव्हा फारसे नव्हतेच. पहिल्या महायुद्धात या त्रासाला 'शेल शॉक' म्हणत आणि पुष्कळांना भित्रे ठरवीत. 'आघातोत्तर ताणविकार' म्हणून अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी त्याची अधिकृत नोंद केली ती 1980 साली. जिवावरच्या प्रसंगात शरीर धोक्याची घंटा वाजवते, ते योग्यच. या विकारात प्रसंग सरला तरी घंटा थांबत नाही. तोच प्रसंग स्वप्नात किंवा जागेपणी पुन्हा घडतो, आवाजाने दचकायला होते, माणूस त्या आठवणी टाळतो, घरच्यांपासून तुटतो, चिडतो. हे महिनाभराहून अधिक टिकले आणि रोजच्या जगण्यात अडथळा आणू लागले, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे.

आणखी एक सल असते, "सगळे गेले, मीच कसा वाचलो?" आपल्या जिल्ह्यातील अण्णा हजारे 1965 च्या युद्धात खेमकरण आघाडीवर लष्कराची गाडी चालवीत होते. सोबतचे जवान मारले गेले, ते वाचले. आपण का वाचलो, या प्रश्नाने आयुष्याला दिशा दिली, असे ते सांगत आले आहेत. त्यांना मी रुग्ण म्हणत नाही. पण ज्यांना या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही, त्यांना तो आतून पोखरतो, आणि मग दारू जवळची वाटते.

दारूने झोप लागल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात ती मोडते. नुसत्या झोपेच्या गोळ्यांनीही मूळ दुखणे जात नाही. मात्र बरेच दिवस चालू असलेल्या गोळ्या मनाने एकदम बंद करू नयेत. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्या आठवणींवर टप्प्याटप्प्याने बोलण्याची उपचारपद्धती आणि गरजेनुसार सर्ट्रालीनसारखी औषधे यांनी अनेकांना चांगला गुण येतो, त्रास जुना असला तरीही. ईसीएचएसचे कार्ड असलेल्या माजी सैनिकांना त्या योजनेतून तज्ज्ञांकडे जाता येते. 14416 या 'टेली-मानस' क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कोणी केली, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

घरच्यांनी झोपेत ओरडणाऱ्याला अंगाला हात लावून उठवू नये. दिवा लावून, थोडे लांब उभे राहून नावाने हाक मारावी. "किती जणांना मारलेत?" असे लग्नाच्या पंगतीत विचारणाऱ्या पाहुण्यांना आवरावे. लोक असे खरोखर विचारतात!

त्या माजी सैनिकांची मी माफी मागितली. ते हसले आणि म्हणाले, "साहेब, मीच सांगितलं नाही." आता ते दर पंधरा दिवसांनी तज्ज्ञांकडे जातात. स्वप्ने कमी झाली आहेत, थांबलेली नाहीत. येत्या दिवाळीत घरी थांबणार का, असे विचारले तर म्हणाले, पहिल्या दिवशी थांबून बघतो.